वळवला तरी तोच

गेलेल्या वडिलांचा चष्मा न्यायला आलेली मेरिन होबार्टच्या इस्पितळात बाकावर थांबली होती. शेजारी एक आजी चौकटींचा कागद कापत नवऱ्याशी बोलत होत्या.

"झटका आल्यापासून एक शब्द नाही, ऑस्कर. निदान तुझ्या लाडक्या कोड्याकडे तरी बघ. सोळा घरांच्या चौरसाचे आयत करायचे, सारखे दोन नकोत. हा चारचा. हा उभा तीनचा, हा आडवा तीनचा, उरला सहाचा. सगळे वेगळे. सुटलं की."

"न... नाही."

"काय नाही?"

"वळवला... तरी तोच, थेल्मा."

"वर्गात पोरांवरही हेच ओरडायचास. बरं, मग कसा कापू?"

वस्तू परत देण्याच्या खिडकीतून मेरिनचं नाव पुकारलं गेलं.

"मागच्यांना आधी घ्या," आजींच्या कागदावरची नजर न हलवता ती म्हणाली.