रामलिंगचं स्थळ

स्थळ कसं वाटलं म्हणून इचारताव व्हय? असं तोंडावर? — आगं माय! आवो, जरा दम तर खावा. म्या आत्ता कुठं बाकड्यावर टेकले, पदर बी सावरला न्हाय, आन तुमचा पयलाच सवाल ह्यो! न्हाय, न्हाय, राग न्हाय आला. उलट बरं वाटलं. आमच्या टायमाला पोरीनं पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत बसायचं आन मोठ्या माणसांनी तिकडं आपसात ठरवून टाकायचं. तिला कोण इचारतंय, कसं वाटलं म्हणून? तुमी सरळ इचारलाव, तर म्या बी सरळ सांगते — चांगलं वाटलं. लांबनं बघितलं तवाच चांगलं वाटलं. कपडे इस्त्रीचे हायत, पोट सुटलेलं न्हाय, गळ्यात त्यो क्यामेरा बी शोभतोय. हासू लालाव? हासा, हासा. दात सगळे जागच्या जागी हायत, ते बी बघून घेतलं म्या.

म्या मथुराबाई. बेंबळीची. तसं सगळं सांगितलंच असंल म्हणा तुमाला प्रीतीनं. प्रीती म्हंजे माझी सून — मघाशी मला हितं बसवून पायऱ्या उतरून गेली ना, जीनची पँट घातलेली, ती. तिच्यासंगं टोपीवाला गेला ते माझं लेकरू, सुगत. पुण्याला असतेत दोघं. जाताना काय म्हणली, ऐकलाव का? ‘आई, तुम्ही इथंच बसा, निवांत बघत बसा, आम्ही खाली देवळापर्यंत जाऊन येतो.’ निवांत बघत बसा! बघा की हुशारी. दोन माणसांना मोकळं बोलता यावं म्हणून कशी अल्लाद उठून गेली. आपल्यात पोरापोरीला म्हणतेत न्हाय का, जावा, गच्चीवर जाऊन बोला — आन मग सगळं घर जिन्यात कान लावून उभं! हिनं तसं बी केलं न्हाय. खरंच गेली. त्यो बघा सुगत, तितं खाली झऱ्यापाशी, केवढासा दिसतोय.

तर झालं काय, म्या भाकरी करत हुते आन फोन आला. प्रीती म्हणती, ‘आई, तुमच्यासाठी एक मस्त स्थळ शोधून ठेवलंय. रामलिंगला. रविवारी तुम्हाला दाखवायला नेतो.’ हातातली भाकर तव्यावर करपली, खोटं न्हाय सांगत. म्या म्हणलं, आगं बाई, ह्या वयात? तर म्हणती, ‘ह्याच वयात बघून घ्यायचं आई, पाय धड आहेत तोवर.’ म्या म्हणलं, कसं हाय तरी? तर म्हणती, ‘जुनं आहे, पण काय टिकलंय! शांत आहे अगदी. एकदा बसलात ना, उठावंसं वाटणार नाही.’ आता सांगा, कुणाची सून सासूला असं सांगती? म्या हळूच इचारलं, लोक काय म्हणतील गं? तर म्हणती, ‘लोक काय म्हणणार, लोक तर लांबून लांबून बघायला येतात.’ तवा मातुर म्या दचकले. म्हणलं, इतकी मागणी हाय व्हय ह्या माणसाला! मग तर रात न् दिस एकच घोर — कुठलं लुगडं नेसू? शेवटाला हे जांभळं काढलं. जांभळं बरं दिसतंय ना? मान हालवली. बास, मग मिटलं.

आन व्हय, हे घ्या. शेंगदाण्याचे लाडू. तुमाला न्हायत, तुमच्या माकडांना हायत. — माकडांना म्हंजे काय? प्रीतीनं आधीच सांगून ठेवलंय मला, ‘थोडी माकडं आहेत, पण त्रास देत नाहीत. फक्त हातात खायला दिसलं की हिसकावतात.’ लेकरं म्हणली की हिसकावणारच. कुठायत ती? वर काय बोट दाखवताव? झाडावर? — आगं बया! ती वानरं हायत, ती म्या बी बघितली की येता येता. म्या तुमच्या घरच्या माकडांचं इचारते, नातवंडांचं! — न्हायतच? लेकबाळ कुणीच न्हाय? मग प्रीती कुणाला... जाऊ द्या. शहरातली पोरगी, तिचं एकाचं दुसऱ्यात जातंय कधी कधी. बायको कधी गेली म्हणलाव? — बरेच दिस झाले की. मग लाडू तुमीच खावा. खावा ओ, गूळ कमीच घातलाय.

नाव काय म्हणलाव? कल्याणप्पा. अणदूरचे. लिंगायत म्हणून म्या वळखलंच, कपाळावर इबूत बघितली तवाच. म्या जयभीम घातला आन तुमी ‘शरणु शरणार्थी’ म्हणलाव, तवा माझ्या डोक्यात उजेड पडला — पोरीनं जातीबाहेरचं बघितलंय! एवढुसं कुठं धस्स झालं, खोटं कशाला बोलू. मग म्हणलं, बाबासाहेबांच्या लेकी आपण, आपण न्हाय करायचं तर कुणी करायचं? तरी आधीच बोललेलं बरं असतंय. माझ्या घरात बुद्धाची मूर्ती हाय, सकाळची वंदना चुकवणार न्हाय म्या. तुमी तुमचं लिंग पुजा, आरामात पुजा, फुलं म्या आणून देईन. आन खायाचं म्हणाल तर — म्या मटण सोडते असं काय म्हणत न्हाय, पण भांडी येगळी ठेवीन. आन तुमच्याकडं कानडी बी चालतंय म्हणतेत? मला ‘बा’ आन ‘होगु’ तेवढं येतंय. ये आन जा. तेवढ्यावर संसार होतोय की! — आता काय झालं? ठसका लागला? पाणी घ्या, पाणी घ्या. म्हणून म्हणते लाडू खाताना हासू न्हाय.

काय म्हणलाव? गाडी येणार हाय? समोरच्या डोंगराच्या कडंनं, त्या पुलावरनं? आन तिचाच फोटो काढायला अणदूरहून आलाव एवढं? व्वा! आन मला बघायचं ते काय वाटंवर लागलं म्हणून व्हय! चेष्टा केली ओ. उलट बेस झालं. रेल्वेचा नाद हाय तुमाला, हे प्रीतीनं सांगितलंच न्हाय. आवो, माझा जलम गेला त्या रेल्वेपायी. आमचं मालक एसटीत कंडक्टर हुते. माणूस वाईट न्हवता. लेकराला शिकवलं, मला कधी उणं बोलले न्हायत. पण रेल्वेचं नाव काढलं की डोळं लाल! तवा ह्या घाटातनं ती बारकी गाडी जायची. माझी मावशी सांगायची, चढाला लागली की अशी दमायची, माणसं खाली उतरून सीताफळं तोडायची आन चालत जाऊन परत आपल्या डब्यात बसायची. खरं का खोटं, मावशीला ठावं. पण मला बसायचं हुतं त्या गाडीत. एकदाच. खिडकीपाशी. मालक म्हणायचे, ‘कंडक्टरची बायको रेल्वेत? म्या डेपोत तोंड दाखवू का नको?’ आन मला घेऊन जायाचे एसटीनं, कंडक्टरच्या मागच्या शिटावर. मग ती बारकी गाडी बंद झाली, मोठी आली, ती बी म्या नुसती कानानं ऐकली. मालक गेले. आता कोण नको म्हणतंय? कुणीच न्हाय. पण ‘चल’ म्हणणारं बी कुणी न्हाय ना.

एक सांगू? सुगतला सांगायचं न्हाय. घर खायला उठतंय मला. सकाळी चहा होतो, वंदना होती, भाकर होती, आन मग दिस असा समोर बसतोय, हालतच न्हाय. तवा म्या काय करते — स्टँडावर जाते, धाराशिवच्या एसटीत बसते, तितं उतरते, आन परतीच्या गाडीनं माघारी येते. काम? काम कसलं आलंय. शेजारी माणूस बसतंय ना! ‘कुठं चाललाव, मावशी?’ म्हणून इचारतंय. म्या बी रोज येगळं सांगते. कधी दवाखान्याला, कधी बहिणीकडं, कधी लग्नाला. एकदा तर एका बाईला सांगितलं, मालकांचा डबा घेऊन चालले डेपोत, सकाळी इसरून गेले. ती म्हणली, नशीबवान हाव ओ मावशी, ह्या वयात डबा पोचवताव. म्या म्हणलं, व्हय की. उतरले आन परतीच्या दोन गाड्या तशाच जाऊ दिल्या. — हे तुमाला कशाला सांगितलं म्या? कुणालाच सांगितलं न्हाय आजवर. तुमी गप बसताव ना, म्हणून माणूस बोलत सुटतंय. आन तुमी का डोळं पुसताव? कचरा गेला असंल. वारं सुटलंय.

तर म्हणून म्हणते, मला सोबत पायजे. झालं, बोलून टाकलं. लाजायचं वय बी गेलं. आपण दोघं एकदा त्या गाडीत बसू, म्या खिडकीपाशी, तुमी —

ऐका! शिट्टी! वाजली का न्हाय? वाजली, वाजली! कुठनं येती? त्या वळणावरनं? उठू द्या मला, हात द्या, गुडघं माझं — आली! आगं माय माय, आली! केवढी लांबलचक! बघा बघा, झाडीत घुसली — दिसंना — दिसली! पुलावर आली! सगळा डोंगर हालू लालाय की ओ! दारात लेकरं उभी हायत, हात करतेत — ए बाळांनो! ए! आमी हितं! हितं वर! — करा की हात तुमी बी, असं खांबासारखं काय उभं राहताव! ए! — बघितलं त्यांनी! त्या लाल फ्रॉकवालीनं बघितलं मला! — गेली. गेली का? ती बघा शेपूट. गेली. आगं बाई, काळीज कसं उड्या मारतंय. बसू द्या मला. हात सोडा आता. — म्याच धरलाय व्हय? बरं, बरं, सोडते.

थांबा, फोन वाजतोय. — हां प्रीती. व्हय बाई, बघितलं. लई आवडलं. म्हणशील ते सगळं खरं निघालं. बोलणं बी झालं आमचं, आता तुमी दोघं म्हणाल तसं. — कुणाशी म्हंजे? स्थळाशी की गं. — काय? — दरी? — पॉइंट म्हंजे? — हां. — हां, हां. दरीच की. दरीच म्हणते म्या बी. लई खोल हाय. न्हाय गं, रडत कशाला, वारं हाय हितं. या, सावकाश या.

आवो. आवो कल्याणप्पा. ती डोंगराला स्थळ म्हणत हुती. फिरायचं स्थळ! जुनं आहे पण टिकलंय म्हंजे देऊळ! लोक लांबून बघायला येतात म्हंजे हीच दरी! आन माकडं म्हंजे — आगं माय, माकडं म्हंजे माकडंच! हासून हासून पोट दुखाय लागलं माझं. आन तुमी? ‘स्थळ कसं वाटलं’ म्हणलाव ते बी डोंगराचंच? म्हंजे तुमी कुणीच न्हाव? नुसतं बाकड्यावर बसलेलं माणूस? आन म्या तुमचे दात बघितले! म्या मटणाची भांडी येगळी करून बसले! तवाच का न्हाय सांगितलाव? एवढी इबूत लावलेलं शहाणं माणूस, आन बाईची फजिती बघत गप बसलाव? उठा. उठा बघू हितनं. पोरं यायच्या आत जावा तुमी. त्या एसटीचं तर म्या कुणाला... जावा ओ, पाया पडते.

न्हाय, थांबा. जाता जाता गाडीचा फोटो तर दाखवा. लाल फ्रॉकवाली आली का बघू दे. — न्हाय काढला? म्हंजे? क्यामेऱ्याचं टोपण बी काढलं न्हाय? आवो, त्याच्यासाठीच आलाव ना एवढं अणदूरहून? नाकासमोरनं गेली की सबंध गाडी! मग तुमी बघत कुठं हुताव?

आवो, इचारते म्या, कुठं बघत —

असं व्हय.

ते बघा, आले दोघं. शेवटच्या पायरीवर हायत. प्रीती लांबनंच बघू लालीय आपल्याकडं, आता पयलं इचारंल, आई, हे कोण? — आता कुठं उठताव? बसा. बसा म्हणते ना खाली. इतका येळ म्याच बोलले, आता तुमी बोला. सांगा तिला कोण ते. म्या गप.