खिशात राहिलेली तोडचिठ्ठी

वहिनी, गावातली वडीलधारी मंडळी, आणि सांगलीहून मुद्दाम आलेले सुभेदारांचे वाचनालयातले मित्र, बसा. मागं ऐकू येत नसलं तर हात करा. मला भाषणाची सवय नाही, आणि आज तर सुभेदारांची शोकसभा. पण बोलणार आहे. मोठ्यानं बोलणार आहे.

गाव मला ओळखतं. पाहुण्यांसाठी सांगतो. मी दिनकर, कारखान्याचा चिटबॉय. म्हणजे उसाच्या तोडीची चिठ्ठी देणारा माणूस. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी बॉयच. मी चिठ्ठी दिली की टोळी येते आणि ऊस तुटतो. नाही दिली की ऊस उभाच. बोटभर कागद, पण त्याच्यापायी माझ्या दारात भल्याभल्यांनी चपला काढल्यात. सुभेदारांनी कधी काढल्या नाहीत.

माझ्या आधी चार जण बोलले. फौजेतली सेवा, वाचन, शिस्त. सगळं खरं. पण गेले दहा दिवस पारावर आणि डेअरीत जे बोललं जातंय, ते इथं कुणी बोललं नाही. "सुभेदारानं आपला ऊस आपणच पेटवला. लवकर तोड मिळावी म्हणून. त्यातच गेला." असं म्हणता की नाही? खाली बघू नका. म्हणता की नाही?

सांगलीकरांना कळायचं नाही, म्हणून सांगतो. जळका ऊस ताबडतोब तोडावा लागतो, नाहीतर वजन घटतं. त्यामुळं तोडीचा नंबर लांबला की आपल्याकडं माणसं स्वतःच्याच फडाला काडी लावतात. दरात कपात होते, पण टोळी येते. हाताशी आलेलं पीक आपणच जाळायचं, अशी आपली रीत. आणि तिची आपल्याला लाजही वाटत नाही.

सुभेदारांना वाटायची. फौजेतून परत आले ते पुस्तकांच्या दोन ट्रंका घेऊन. दर शनिवारी एसटीनं सांगलीला, वाचनालयात. तिथून येताना नवीन विचार घेऊन यायचे आणि आम्हाला पकडून ऐकवायचे. आम्ही पळायचो. खोटं कशाला सांगू? ते म्हणायचे, सरकारनं शेतकऱ्याला काही देऊ नये, फक्त त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं. ठिबकचं अनुदान घेतलं नाही. खतावरची सूट किमतीतच असायची, नाकारता येत नव्हती, तर त्यावरही चिडायचे. एकदा मी डिवचलं, "सरकार नको म्हणताय, आणि पेन्शन बरी चालती तुमाला?" हसले नाहीत. म्हणाले, "दिनकर, पेन्शन दान न्हाई, करार हाय. मी माझा शब्द पाळला, त्यांनी त्यांचा पाळावा. बाजार म्हंजी दुसरं काय असतं रं?"

आणि त्यांचं एक वाक्य मला पाठ आहे. "चिठ्ठीनं मिळतं त्यो उपकार. घेणारा जलमभर वाकतो. भावानं मिळतं तितं दोघं ताठ उभं ऱ्हात्यात." चिठ्ठीनं म्हणताना ते माझ्याकडंच बघायचे.

आता खुशाली. पाहुण्यांनो, लवकर तोड पाहिजे असेल तर टोळीला गुपचूप द्यायचे पैसे, वर कोंबडं, म्हणजे खुशाली. सगळे देतात, कुणी बोलत नाही. त्यातला एक वाटा माझ्या खिशात यायचा. वहिनी, हे मी आज पहिल्यांदा चारचौघांत म्हणतोय.

सुभेदार खुशाली बंद करा म्हणाले नाहीत. तिथंच तर ते बाकीच्यांपेक्षा वेगळे होते. ते म्हणाले, ती उघड करा. गेल्या दसऱ्याच्या आधी याच मंडपात बैठक घेतली. हो, याच. म्हणाले, "आपल्या देवळात नारळाचा सवाल हुतो का न्हाई? बोली उघड्यावर बोलत्यात का न्हाई? मग तोडीच्या नंबराचा सवाल करूया. ज्याला घाई हाय, त्यानं सगळ्यांदेखत बोली बोलावी. निम्मं टोळीला. निम्मं, जो आपला नंबर सोडून मागं थांबला त्याला."

कुणीतरी ओरडलं, "म्हंजी मोठाच पुढं जाणार की!"

सुभेदार म्हणाले, "आज कोण जातंय? मोठाच जातोय. फकस्त मागं ऱ्हाणाऱ्याला आज काय मिळतंय? धूळ."

मंडळी, आठवतंय? नवा कायदा नको, मोर्चा नको, साहेबांना निवेदन नको. म्हणाले, आज्यापणज्यांनी लावलेली रीत हाय, तिच्यातच ह्ये बसतंय, नवं कायतरी आणून जुनं मोडायची मला हौस न्हाई. आणि सवाल झाला. खरोखर झाला. सुभेदारांच्या बांधाला बांध लागून हौसाबाईंचं वीस गुंठं आहे. त्यांनी आपला नंबर सोडला, त्याचे पैसे घेतले आणि म्हणाल्या, "मागं ऱ्हायल्याचं कुणी दाम दिलं, ह्ये पयल्यांदाच." हौसाबाई, तुम्ही म्हणालात की नाही? तुम्ही बसलाय इथं.

सुभेदारांनी स्वतः बोली बोलली नाही आणि नंबरही विकला नाही. आपला नंबर येईल तेव्हा तोडीन म्हणाले. तो फेब्रुवारीत आला. आणि मी चिठ्ठी अडवली.

पुन्हा सांगतो. मी अडवली. कारखान्यानं नव्हे. वरून कुणाचा निरोप नव्हता. सवाल झाला आणि माझा वाटा बुडाला. त्याहून झोंबलं ते वेगळंच. माझ्या दारात चपला दिसेनाशा झाल्या. माणसं रस्त्यात मला "काय दिनकर" म्हणायला लागली. आधी "दिनकरराव" म्हणायची. मला राग आला होता. एवढाच माझा अर्थशास्त्राचा अभ्यास.

सुभेदार दर सोमवारी सायकलवरून यायचे. खाली पाय टेकायचे. म्हणायचे, "नंबर झालाय." म्हणजे पाळी आलीय. बस, एवढंच. मी म्हणायचो, टोळी गुंतली आहे, ट्रॅक्टर बिघडला आहे. ते मान हलवायचे आणि जायचे. मंडळी, मला दोनच शब्द ऐकायचे होते. "तेवढं बघा." एकदा म्हणाले असते, तर चिठ्ठी हातावर ठेवली असती. ती लिहून तयार होती. इथं, शर्टाच्या खिशात, पाच आठवडे. पण ते म्हणणार नव्हते. जे आपलंच आहे ते मागायचं कसं? हे त्यांना समजत नव्हतं असं मला वाटायचं. समजत मला नव्हतं.

शिमग्याच्या आदल्या सोमवारी मीच म्हणालो, "सुभेदार, लावा की काडी. उद्या टोळी पाठवतो." नेहमीप्रमाणं हसतच म्हणालो. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "दिनकर, ऊस माझा हाय म्हणून जाळायचा मला हक्क हाय. पण काडी लावून पुढं घुसायचं म्हंजी दुसऱ्याचा नंबर चोरायचा. ह्ये खुशालीपेक्षा वाईट." सायकल वळवली. ते आमचं शेवटचं बोलणं.

गुरुवारी दुपारी वारा सुटला. विजेची तार तारेला घासली आणि ठिणगी फडात पडली. हौसाबाईंनी डोळ्यांनी बघितलं. त्या दहा दिवस सांगतायत, आणि आपण एका बाईचं ऐकत नाही आहोत. सुभेदार तेव्हा घरी जेवत होते. वहिनी, त्यांनी ताट तसंच ठेवलं ना? कोयता घेऊन पळाले. स्वतःचा ऊस वाचणार नव्हता, हे त्यांना कळत होतं. ते हौसाबाईंच्या बांधावर गेले आणि त्यांच्या बाजूनं उसाचा पट्टा तोडायला लागले, जाळ पुढं जाऊ नये म्हणून. एकाहत्तराव्या वर्षी. पट्टा पुरा झाला. हौसाबाईंचा ऊस आजही हिरवा उभा आहे, जाऊन बघा. सुभेदार धुरात बांधावर सापडले. कोयता हातातच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी आली. जळक्या उसाला लगेच तोड, नियमच आहे. घरी माणूस तिरडीवर, आणि फडात कोयते चालू. ती चिठ्ठीही मीच लिहिली.

म्हणून पारावर जाऊन कुणी पुन्हा म्हणू नका, की उघड भाव म्हणणारा माणूस शेवटी काडी लावून पुढं घुसला. त्यांचा विचार जळाला असेल, तर काडी माझी आहे. उद्या कारखान्यात हे लेखी देणार आहे. पुढं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. माफी मी मागत नाही. मागून मिळतं त्याचं काय होतं, ते सुभेदारांनी सांगितलंय.

एक गोष्ट मात्र द्यायची राहिली आहे. हा तो कागद. फेब्रुवारीची तारीख, सुभेदारांचा गट नंबर, खाली माझी सही. घामानं शाई पुसट झाली आहे, पण वाचता येतं. मी तो फोटोपाशी ठेवतो.

आता सगळ्यांनी श्रद्धांजलीला उभं राहूया. जो जिथं आहे, तिथंच. आज पुढं कुणी यायचं नाही. मी मागं दाराजवळ उभा राहतो, सगळ्यात शेवटी. सुभेदार, तुमचा नंबर झाला होता.