दोन कयाकचं कॅरिअर

शिरूरच्या गाडी-सामानाच्या दुकानात सीटकव्हर बसेपर्यंत मी बाकावर माळ जपत होते. शेजारी एक वडील मुलाला आणि मुलीला घेऊन आले. त्यांना गाडीच्या टपावर कयाक, म्हणजे लांबट होड्या, न्यायला कॅरिअर हवं होतं.

"एकाच कयाकचं दावा. स्पर्धेला फक्त कैफ जाणार हाय."

"अब्बा, निवड माझीपण झालीय."

"शिरीन, तुला बघायला पाहुणे यायचेत."

"ते पुढच्या महिन्यात. स्पर्धा रविवारी हाय."

"टपावर दोन मावत न्हाईत."

"मावतात, अलीमभाई," दुकानदार म्हणाला. "कुशीवर उभ्या बांधायच्या."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"मग माझी एकटीची बांधा. कैफला फोटो दाखवू."

"अब्बा, ही न्हाई आली तर मीबी जात न्हाई."

"तू गप. उन्हानं काळी पडलीय पोरगी, पाहुणे काय म्हणतील?"

"काळी घोडनदीवर पडले, अब्बा. तवा काठावर तुम्हीच उभे असायचा."

अलीमभाई बराच वेळ कॅरिअरचा पट्टा ओढून बघत राहिले.

"वाटंत हा सुटणार न्हाई ना?"

"न्हाई सुटत."

"मग दोन्हीचं द्या. आन् हिची माझ्या बाजूला बांधा. गाडी मी चालवणार हाय."