प्रतापगड, आणि धारेला परत

तुम्ही कधी म्हशीला विचारून गडाला निघालाय का? नाही ना? मग आमच्या मलकापूरच्या अंबूबाईवर काय प्रसंग आला तो तुम्हाला चटकन कसा कळणार! लोक आपले म्हणतात, "प्रतापगड ना? मोटारीत बसलं की आला!" बसलं की आला म्हणे! अहो, बसण्यातच तर सगळं आहे... पण थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल ही बाई मोटारवाल्यांच्या नावानं खडे फोडायला उभी राहिलीय. मी कुणाच्या नावानं खडे फोडत नाही. झालं तेवढं सांगते.

लढाई संपली त्या सालची गोष्ट. अंबूबाईचा जोतीराम पलटणीत, तिकडं ब्रह्मदेशाच्या रानात. महिनेच्या महिने खबर नाही. तेव्हा एकदा अंबूबाईनं चुलीपुढं बसून पदर पसरला, "परतापगडच्या भवानीआई, माझं पोरगं धड घरी येऊ दे, तुझी ओटी भरीन आन् त्याला तुझ्या पायांवर आणून घालीन." देवीच ती, तिनं ऐकलं! जोतीराम आला. हात जागेवर, पाय जागेवर, वर डोक्यावर पलटणीची टोपी, अशी तिरकी, की गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा उगाच ताठ उभी राहायला लागली. रजा चांगली लांबलचक होती. पण रजा काय त्याच्या वाट्याला येते होय? कुंडलची आत्या म्हणाली, आधी माझ्याकडं जेवायला. जतची मावशी म्हणाली, आमी काय लांबचे म्हणून परके? एकीकडं गेला की दुसरी रुसायची, दुसरीकडं गेला की पहिली म्हणायची दोनच दिवस राहिला. असं करता करता रजा पाहुण्यांनी जेवून टाकली आणि तयारीचा दिवस सोडला तर उरला एक दिवस. एकच! त्याच्या पुढच्या सकाळी गाडी धरून पलटणीत हजर.

अंबूबाईनं ओटीचा नारळ काढून पुढ्यात ठेवला. नवस राहिला आणि पोरगं परत गेलं तर? तुम्हाला सांगते, तिला देवीचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला, आणि तो हुबेहूब तिच्या सासूसारखा! "घेताना पदर पसरलास, आन् द्यायच्या वक्ताला सवड न्हाई व्हय गं?"

मग ठरलं. एका दिवसात जायचं, ओटी भरायची, पोराला पायांवर घालायचं... आणि धारेला परत!

आता ही धार मधेच कुठनं आली? अहो, म्हैस! अंबूबाईची म्हैस दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. अंबूबाई सोडून कुणी चरवी घेऊन खाली बसला की ती मान वळवायची, त्याला नीट बघून घ्यायची, आणि मग लाथ घालायची. बघून घेतल्याशिवाय नाही हं! एवढी मात्र रीतीची होती. म्हणून सकाळची धार काढून निघायचं, आणि संध्याकाळच्या धारेला परत.

जोतीराम म्हणाला, "आये, लढाईत आमी पलटणीच्या पलटणी हलवल्या, तुला परतापगडला हलवायला काय लागतंय?" आणि बसला आखणी करायला. हंबीरराव, म्हणजे त्याचे वडील, सोप्यात तंबाखू मळत बसलेले. ते म्हणाले, "रेल्वेनं जावा की." झालं! रेल्वेनं जावा! कऱ्हाडचं स्टेशन कऱ्हाडपासनं लांब, साताऱ्याचं स्टेशन साताऱ्यापासनं त्याहून लांब. म्हणजे गाडीत बसायला चालायचं, गाडीतनं उतरून पुन्हा चालायचं, मधे तेवढी रेल्वे! रेल्वे बाद.

मग मोटार. मोटारीनं मलकापूर ते सातारा. तिथं उतरायचं. दुसरी मोटार, वाईवरनं पाचगणी, महाबळेश्वर. तिथं उतरायचं. तिसरं काही मिळालं तर गडाच्या पायथ्यापर्यंत, नाहीतर आपले पाय. आणि लढाईपायी पेट्रोल मिळेना म्हणून त्या दिवसांत मोटारी चालायच्या कोळशावर! पाठीमागं ही एवढी भट्टी, क्लीनर पंखा फिरवून फिरवून ती पेटवायचा, मग मोटार खोकायची, मग हलायची. घाट लागला की माणसांनी उतरून चालायचं. पसरणीच्या घाटात तर माणसं पुढं आणि मोटार मागनं सावकाश येतेय, वरात आल्यासारखी. पण तेही चाललं असतं हो! चालण्याचं काही नाही. खरं दुखणं निराळंच होतं. मोटारीला वेळ नव्हती!

जोतीरामनं रसूलभाईला जाऊन विचारलं. रसूलभाई आमच्या मागच्याच गल्लीतला, साताऱ्याची मोटार हाकायचा, मोटार रात्री त्याच्या दारातच असायची. "रसूलभाई, पहाटं किती वाजता सुटती?" रसूलभाई बिडी विझवून म्हणाला, "भरली की सुटली." "पर वाजता किती?" "आरं गड्या, भरली की सुटली! न्हाई भरली तर दुपारपातूर लिंबाखाली हुबी. भरली, तर मंग मी माझ्या बापासाठनं बी थांबत न्हाई." "आन् साताऱ्याची पुढची मोटार?" "ती बी भरली की."

म्हणजे बघा, इथं भरेपर्यंत बसायचं, साताऱ्यात भरेपर्यंत बसायचं, महाबळेश्वरात भरेपर्यंत बसायचं... आणि धारेला परत! हंबीरराव म्हणाले, "कुठल्या सालच्या धारंला, त्येवढं इचारून घे."

पण पलटणीतलं डोकं ते! जोतीराम रात्रभर विचार करून सकाळी म्हणाला, "आये, मोटार भरायची वाट बघत बसतो म्हणून येळ जातो. मंग आपणच मोटारभर जाऊ! आपण मोटारभर असलो की हितं भरली, सुटली. साताऱ्याला उतरलो, दुसरीत बसलो, भरली, सुटली!" काय चूक आहे सांगा यात? अंबूबाईला तर पोराचा असा अभिमान वाटला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

झालं, गल्लीत दवंडी पिटल्यासारखं झालं. माणसं काय, तयारच होती! ज्याला त्याला देवीचं काहीतरी देणं. कुणाचं जावळ, कुणाची साडीचोळी, कुणाचं नुसतंच बघायचं राहिलेलं. शेजारची बनुबाई तर म्हणाली, "आगं, मी दोनदा जाऊन आलीया, गडाची पायरीन् पायरी वळखीची हाय माझ्या. मला सोडून कुटं जाताय?" दोनदा गेलेली बाई तिसऱ्यांदा कशाला निघाली हे कुणी विचारलं नाही. मोटार भरली पाहिजे होती ना!

राहता राहिली म्हैस. परत यायला उशीर झालाच तर? जोतीराम म्हणाला, "आबांनी काढावी धार." हंबीरराव म्हणाले, "म्हस माझ्या अंगावर घालू नगा." पण पोराच्या नवसाचं काम, नाही कसं म्हणणार? म्हणून आदल्या संध्याकाळी तालीम! हंबीररावांनी अंबूबाईचं लुगडं अंगावर घेतलं, मिशीवरनं पदर ओढला, आणि बायकोच्या आवाजात, "आगं बाई गं, उबी ऱ्हा गं माझे बये..." असं करत खाली बसले. म्हशीनं मान वळवली. नीट बघितलं. पदर बघितला, मिशी बघितली. मग चरवी एकीकडं, हंबीरराव दुसरीकडं, आणि लुगडं गोठ्याच्या आढ्याला! हंबीरराव शेणातनं उठत एवढंच म्हणाले, "वळखती. हुशार हाय."

आम्ही हसलो. हसायला नको होतं. कारण त्या म्हशीनं रात्रभर मनात काय धरलं कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गडाच्या दिवशी, अंधारातच गल्ली जागी झाली. नदीवरनं धुकं आलेलं, थंडी अशी की बोलताना तोंडातनं वाफ. जोतीराम लवकर पुढं लिंबाखाली मोटारीकडं गेला, जागा धरायला. आता आपल्याकडं जागा कशी धरतात तुम्हाला माहीत आहे. गाठोडं ठेवलं की जागा आपली. गाठोडं म्हणजे माणूसच! त्याला कुणी हलवत नाही, त्याच्या जागेवर कुणी बसत नाही. जोतीरामनं ओटीचं गाठोडं बाकावर ठेवलं, नारळाला थंडीत तडा जाऊ नये म्हणून म्हणा की काय, त्यावर आपली पलटणीची कांबळ गुंडाळली, आणि कुणाचं हे कळावं म्हणून वर ठेवली आपली टोपी. तिरकी! आणि आईला आणायला घरी पळाला.

घरी अंबूबाई म्हशीखाली बसलेली. आणि म्हैस पान्हा सोडेना! खरी अंबूबाई बसलीय, तेच लुगडं, तोच हात, तोच आवाज, पण म्हशीला काल फसवलेलं! तिनं मान वळवून बघितलं, पुन्हा बघितलं, हुंगलं. पदर आहे, पण आत मिशी नाही कशावरून? "आगं मीच हाय गं बये, तुझी अंबू हाय!" अंबूबाई गयावया करतेय. जोतीराम दारात, "आये, सोड तिला!" "आरं, पान्हा घातलेला न्हाई, तशीच सोडली तर आटंल की रं ती! जरा थांब, आत्ता घालंल..." हंबीररावांना तर गोठ्याकडं फिरकायची सुद्धा बंदी केली होती.

आणि तिकडं लिंबाखाली मोटार भरली! आपलीच सगळी माणसं, पटापट आली, पटापट बसली. कधी नव्हे ते! रसूलभाईनं विचारलं, "भरली का रं?" क्लीनरनं कंदील वर करून बघितलं. सगळे बाक भरलेले. मधल्या बाकावर कुणीतरी कांबळ घेऊन, टोपी घालून मान टाकून झोपलेलं. "जोतीराम झोपलाय जनू," क्लीनर म्हणाला. रसूलभाई म्हणाला, "झोपू दे. फौजी मानूस हाय, दमला आसंल." मागच्या बायकांना वाटलं, अंबूबाईला मोटार लागते, ती पुढं बसली असणार. पुढच्यांना वाटलं, बाईमाणूस, मागं बायकांत असणार. आणि पोरगं तर मधे दिसतंयच की! भरली. सुटली.

तुम्हाला सांगते, बनुबाई उंब्रजपर्यंत त्या गाठोड्याशी बोलत होती! आपल्या भाच्याची मुलगी कशी गोरी आहे, घरातलं सगळं कसं येतं, हुंड्याचं कसं बघून घेऊ. गाठोडं काहीच बोलेना. बनुबाई शेजारणीला म्हणाली, "लाजतोय बाई. पर न्हाई म्हनत न्हाई." मग उंब्रजला उजाडलं, मोटारीला धक्का बसला, आणि जोतीरामची टोपी बनुबाईच्या मांडीवर पडली. खाली डोकं नाही! बनुबाईनं जी किंकाळी फोडली, ती म्हणे आधी कोळशाच्या भट्टीची वाटली क्लीनरला. पण भरलेली मोटार मागं फिरते होय?

इकडं म्हशीनं एकदाचा पान्हा सोडला. अंबूबाई चरवी टाकून, हातसुद्धा न धुता, जोतीरामच्या मागनं पळत लिंबाखाली आली, तर लिंबाखाली नुसता कोळशाचा वास. जोतीराम म्हणाला, "काय काळजी करू नगंस. दुसरी मोटार हाय की." आणि होती! आली, लिंबाखाली लागली. मायलेक चढले, चांगल्यात चांगली जागा धरून बसले. जोतीरामनं विचारलं, "कवा सुटनार?" तो डायव्हर म्हणाला, "अर्धी तरी भरली की. मलकापुरातनं रिकामी मी हलवत न्हाई."

आता अर्धी तरी कोण भरणार? सांगा ना! मलकापुरातनं त्या दिवशी साताऱ्याच्या वाटेला लागणारं जे माणूस होतं, ते ते सगळं जोतीरामनं स्वतः घरोघर फिरून, हातापाया पडून, पहिल्या मोटारीत बसवून दिलं होतं!

मायलेक बसले. ऊन वर आलं, बसले. दुपारी हंबीरराव भाकरी घेऊन आले, मोटारीच्या खिडकीतनं दिली, आणि म्हणाले, "कुठपातूर आलं?" अंबूबाईनं भाकरी मोडून पोराच्या हातात दिली. एक म्हातारी चढली, तिला वाटलं मोटार कोल्हापूरची, ती उतरली. ऊन उतरलं. लिंबाची सावली मोटारीवरनं पलीकडं गेली. जोतीराम आधी उकिडवा, मग आडवा, मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. लहानपणी झोपायचा तसा. एवढ्या सगळ्या रजेत, कुंडल झालं, जत झालं, पण पोरगं दिवसभर आपल्याजवळ असं काही बसलं नव्हतं. अंबूबाई त्याच्या डोक्यावरनं हात फिरवत बसली. डोकं होतं, टोपी नव्हती. मग गोठ्यातनं म्हैस ओरडल्याचं ऐकू आलं, तशी ती उठली, पोराला उठवलं, दोघं मोटारीतनं उतरले, घरी आले... आणि धारेला परत! अगदी वेळेवर. ठरवल्याप्रमाणं.

आणि गाठोडं? ते गडावर पोचलं. बनुबाईनं त्या सगळ्या पायऱ्या ते स्वतः उचलून चढवलं, अंबूबाईच्या नावानं ओटी भरली, आणि मग हातातल्या टोपीकडं बघून म्हणाली, "आई, ह्याचं धनी मलकापुरात राह्यलं. तूर्त एवढंच घे." आणि टोपी देवीच्या पायांवर घातली. पुजाऱ्यानं कुंकू लावून ती तिथंच ठेवून घेतली, पायांवर आलेलं परत कसं द्यायचं! ही मंडळी परत आली तिसऱ्या दिवशी, मोटारभर असूनसुद्धा. अंबूबाईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "डोस्क्यावरलं तिनं ठेवलं, डोस्कं मला दिलं. काय वंगाळ केलं न्हाई."

पण ते तिसऱ्या दिवशी. मधल्या सकाळी यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. गडाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूबाईनं धार काढली, म्हशीनं मान न वळवता चरवीभर दूध दिलं, आणि जोतीराम खाकी कपड्यांवर हंबीररावांचा तांबडा फेटा बांधून पलटणीत हजर व्हायला गेला.