ज्याच्या-त्याच्या गावचा शेक

मी मूळची वर्ध्याकडची जी. आमच्याकडे केळीचा शेक म्हणजे पातळ दूध, साखर, फोडलेला बर्फ आन वरून विलायची, बाजाराच्या दिवशी बाबा एक गिलास घेत आन आम्ही तिघी बहिणी त्याच गिलासातून प्यायचो. लग्न झालं तशी पुण्याले आली, नवऱ्याले कारखान्यात काम, खोली धायरीत. मग कारखान्यानं नवीन मशिनी आणल्या, जुनी माणसं काढली, त्यात हे बी घरी बसले. म्हणून मी बुधवार पेठेत एका कोल्ड्रिंकच्या दुकानात लागली, आधी गिलास धुवाले, मग मिक्सरवर.

मालक पुण्याचे, बोलणं कमी आन टोचणारं. मस्तानी म्हणजे दाट दूध, आंब्याचा गर, वर आईस्क्रीमचा गोळा, हे त्यायनंच शिकवलं, नाही म्हणत नाही मी. एक दिवस चंद्रपूरचा विद्यार्थी आला, म्हणे, मावशी, आपल्याकडला पातळ करून द्या ना. दिला मी. मालकानं गिलास पाह्यला. अहो बाई, शेक केलात की पातेलं विसळलंत? मी म्हटलं, आमच्याकडे असाच करतात. मग तिकडेच करा की, म्हणाले. काय सांगू तुमाले, मी पदराले हात पुसले आन निघाली. बसमध्ये बसल्यावर एकच विचार, घरी आता काय सांगू.

तवा हिंजवडीत आयटीच्या इमारती उठत होत्या. खोली तिकडे नेली, शेकची हातगाडी लावली, बाजूच्या झेरॉक्सवाल्याच्या दुकानातून मिक्सरले विजेची वायर ओढली. पण तिथं तर सारा देश उभा! कोल्हापूरचा म्हणे फळं कापून घाला, दळू नका. पुण्याचा म्हणे आईस्क्रीम कुठंय? आन शीजा नावाची केरळची पोरगी, रोज शेक घेई, रोज अर्धा ठेवे. मले चैन पडेना. मी इचारलं, काहून ठेवतेस बेटा? तिनं तुटक हिंदीत सांगितलं, आमच्याकडे बर्फ घालतच नाहीत, दूधच गोठवतात.

घरच्या फ्रीजमध्ये दुधाची पिशवी गोठवली, बत्त्यानं ठोकली. पहिल्या दिवशी मिक्सर जळला, रातीच दुरुस्त करून आणला. दुसऱ्या दिवशी गुठळ्या. तिसऱ्या दिवशी शीजानं गिलास रिकामा केला, डोळे पुसले, आईले फोन लावला आन माह्या कानाशी धरला. ती माऊली मल्याळीत बोले, मी वऱ्हाडीत. एक शब्द कळला नाही, पण बराच वेळ बोललो आम्ही दोघी.

मागं माहेरी गेली, बहिणीनं शेक दिला, तर मलेच पाणचट लागला हो. तरी पिऊन घेतला. पण दोन दिवस तिथं जीव लागेना, इथं आली तरी लागेना.

रस्ता रुंद करतात म्हणून गाडी चारदा हलवली. आता सरकारची माणसं पुन्हा रस्ता मोजाले येणार म्हणतात. आमच्या यायनं गाडीच्या चाकाले तेल देऊन ठेवलं हाये. शीजा परदेशात गेली म्हणे, कुठं असन तिथं सुखात राहो. आन तुमी उभे काहून? बसा, तुमच्या गावाकडे कसा करतात ते सांगा.