खडूकाकांची एकुलती एक चूक

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर विराजमान यार्डाचे मालक, आजचे सत्कारमूर्ती खडूकाका, त्यांच्या शेजारी नवऱ्याची स्तुती संशयाने ऐकत बसलेल्या काकू, आणि हात तीनदा धुऊनही नखांतलं ग्रीस घेऊन आलेले माझे गॅरेजबंधू!

मला पाच मिनिटं दिली आहेत. गॅरेजवाल्याची पाच मिनिटं म्हणजे किती, हे तुम्हाला सांगायला नको.

जुन्या गाड्या मोडून सुटे भाग विकणाऱ्या या यार्डात काका एकतीस वर्षं काउंटरला होते. गिऱ्हाईक म्हणायचं, "मॉडेल तेच, साल तेच, द्या पटकन." काका म्हणायचे, "जुना भाग आणलाय? नाही? मग चहा घ्या आणि परत जा." माल विकायचा सोडून आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा असा माणूस मालकांनी एकतीस वर्षं कसा सांभाळला, याबद्दल खरं तर त्यांचाही सत्कार व्हायला हवा!

आता मालक प्रास्ताविकात हसत म्हणाले, "एकतीस वर्षांत काकांची एकच चूक. शाळेच्या व्हॅनची स्टिअरिंग रॅक." तुम्ही सगळे हसलात. काकाही हसले. मी लिहून आणलेलं भाषण तेव्हाच पर्समध्ये ठेवून दिलं.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांची पाठ गेली आणि गॅरेज माझ्याकडे आलं. बाईच्या हातात गाडी द्यायला कोण तयार होणार? तिसऱ्या महिन्यात शाळेची व्हॅन आली. चौदा मुलं बसायची तीत, खिडकीशी माझी लेक. स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवते ती रॅक बदलायची होती. मी यार्डात गेले, तर काका म्हणाले, "वहिनी, रॅकच्या दांडीची खुंटी चाकाकडच्या ज्या भोकात बसते, तो भाग काढून आणा."

"बाई आहे म्हणून परीक्षा घेताय का?"

"परीक्षा खुंटीची घेतोय. एकाच सालात दोन मापं निघालीत."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काका जेवायला गेले तसं मी काउंटरवरच्या दुसऱ्या माणसाला बेधडक सांगितलं, "काकांनी बघितलंय, द्या." आणि रॅक घेऊन आले. बसवली. नट घट्ट बसला. मी स्वतःवरच खूश!

काउंटरवरच्या त्या माणसाकडून कळलं तसे संध्याकाळी काका सायकलवरून धापा टाकत दारात हजर. आवाज चढवला नाही. म्हणाले, "एकदा काढा. बरोबर असेल तर चारचौघांत माफी मागतो." मी फणकाऱ्याने काढली. त्यांनी खिशातला खडू खुंटीला चोळला, ती भोकात घालून फिरवली आणि बाहेर काढली. नीट बसली असती तर खडू सगळीकडून पुसला गेला असता. पुसली होती वरची एक बारीक रेघ. बाकी खुंटी पांढरीच. मंडळी, नट घट्ट होता, पण खुंटी भोकात नुसती टेकली होती. आठ-दहा दिवस चालली असती. मग एखाद्या वळणावर? मी तिथेच टायरवर बसले.

दुसऱ्या दिवशी व्हॅन निघाली नाही. व्हॅनवाला यार्डात जाऊन ओरडला, चुकीचा माल कुणी दिला? आणि काका म्हणाले, "माझ्याकडून बघायचं राहिलं." मालक, तुम्ही सगळ्यांदेखत त्यांना झापलंत. मी दारात उभी होते आणि गप्प राहिले.

नंतर विचारलं, "काका, असं का केलंत?" ते म्हणाले, "माझं नाव वीस वर्षांचं आहे, एक ओरखडा चालतो. तुमचं तीन महिन्यांचं आहे."

त्या नावावर आज माझं गॅरेज उभं आहे. चार माणसं कामाला आहेत आणि प्रत्येकाच्या खिशात खडू आहे. लेक यंदा कॉलेजात गेली. काका, तुमचे उपकार मी फेडू शकत नाही, पण तुमचं बिनओरखड्याचं नाव तुम्हाला परत करू शकते.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांची आभारी आहे. वेळ जास्त घेतला, तेवढं पोटात घाला. दुसरी माफी मात्र मी अकरा वर्षं उशिरा मागते आहे, आणि ती काकांची. मालक, तुमच्या वहीत ती चूक काकांच्या नावावर असेल तर आज खोडा. ती माझी आहे.