अध्यक्षांनी खाल्लेल्या दोन पानांबाबत

जबाब देणार : विषशास्त्राचे प्राध्यापक, पशुवैद्यकीय महाविद्यालय. सोसायटीत 'विषवाले सर' म्हणून ओळख. वय ५७ वर्षे. राहणार तिसरा मजला, गच्चीच्या जिन्यालगत.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. कोणत्या वनस्पतीने जनावर दगावते आणि कोणत्या वनस्पतीने वाचते, हा माझा संशोधनाचा विषय आहे. त्याकरिता गच्चीवर त्रेचाळीस कुंड्या आहेत. विषारी झाडांना लाल पाटी, औषधींना हिरवी.

रविवारी सकाळी अकरा वाजता कुंड्या हटवण्याबाबत गच्चीवर सभा झाली. फिर्यादी हे सोसायटीचे अध्यक्ष असून निवृत्त मीटर तपासनीस आहेत. ते म्हणाले, "पाला खाऊन कुणी मरत नाही. लाल पाट्या लावून सरांनी गच्ची बळकावलीय." मी म्हणालो, "ती कण्हेर आहे, हात लावू नका." त्यावर त्यांनी दोन पाने तोडून चावली. माझी पत्नी ओरडली, "आधी थुंका!" त्यांनी गिळली. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "ते कुणाचं ऐकतात का? चाळीस वर्षं बघतेय मी."

रुग्णवाहिकेला चाळीस मिनिटे लागतील असे कळले. मी घरातून औषधी कोळशाची भुकटी व वासरांना पाजायची नळी आणली. मात्रा वजनावर ठरते, म्हणून वजन विचारले. फिर्यादी म्हणाले सत्तर, त्यांच्या पत्नी म्हणाल्या ब्याऐंशी. मी ब्याऐंशी धरले.

फिर्यादी तोंड उघडेनात. मी डावा हात जबड्यात घालून मान वर केली व औषध पाजले. त्या वेळी मी "हो हो, थांब रे राजा, झालंच" असे म्हणालो व पाठ थोपटली, हे खरे आहे. ती जिभेची सवय आहे. अपमानाचा हेतू नव्हता.

इस्पितळात दाखवायला नोंद हवी होती. घरात जनावरांचेच छापील कागद होते. रकाना मोकळा सोडणे मला जमत नाही, म्हणून 'शिंगे' येथे 'नाहीत' व 'दूध' येथे 'लागू नाही' असे लिहिले. 'स्वभाव' येथे 'मारका' लिहिले, कारण अकरा बत्तीसला त्यांनी माझ्या गुडघ्यावर लाथ मारली होती. जनावरांच्या नंबरचा पिवळा बिल्ला मी शर्टाच्या कॉलरला अडकवला. कानाला लावल्याचा आरोप खोटा आहे.

नंतर नाडी मंदावली. मी मनगट धरून बसलो. तोवर सभासद खाली निघून गेले होते. फिर्यादींनी हळू आवाजात विचारले, "सर, तुमची वासरं वाचतात ना हो?" मी म्हणालो, "सगळी." हे विधान खरे नव्हते. नऊपैकी चार वाचली आहेत. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांनीही माझा हात सोडला नाही.

इस्पितळातील डॉक्टरांनी माझा कागद सर्वांदेखत मोठ्याने वाचला, त्यास मी जबाबदार नाही. रुग्ण पाचव्या दिवशी घरी आले. सहाव्या दिवशी त्यांनी बदनामीची ही तक्रार दिली. आवाज खणखणीत होता, असे ठाणे अंमलदारांकडून समजले. ऐकून बरे वाटले.

कण्हेरीचे झाड मी सोमवारीच मुळासकट काढले. त्यावरील अकरा वर्षांचे काम अपुरे राहिले. त्याबाबत माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

जबाब मला सावकाश वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे. मात्र शेवटी एका ठिकाणी 'रुग्ण' असे लिहिले आहे. माणसांवर उपचार करण्याचा मला परवाना नाही. तरी तो शब्द खोडून तेथे 'शेजारी' असे वाचावे. दुरुस्तीवर सही केली आहे.